बाईजाच्या लेकीकडची माणसं

माझ्या सासूबाई गोजाबाई भालेराव सापगावातल्या भांडकुदळ म्हाताऱ्यांमध्ये पहिल्या नंबरच्या आहेत. हे मी त्यांच्या तोंडावरही म्हणते, कारण त्यांना ते ऐकायला आवडतं. ऐंशीच्या घरात आल्या, गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिला, पण जीभ अजून कामावर आहे. भाजीवाला, एसटीचा कंडक्टर, ग्रामपंचायतीचा शिपाई, कुणाचीही गय नाही. माझा नवरा सतीश त्यांचा एकुलता एक मुलगा. तो कल्याणच्या एका कंपनीत कामाला जातो आणि घरी आल्यावर आईसमोर शक्यतो तोंड उघडत नाही. मी उघडते. लग्न होऊन आले त्या आठवड्यात कालवणात मीठ किती यावरून आमचं पहिलं भांडण झालं, आणि तेव्हापासून आमचं छान जमलं.

एका गोष्टीवर मात्र त्या भांडत नसत. माहेर कुठलं, असं कुणी विचारलं की "व्हतं किन्हवलीकडं" म्हणून विषय बदलायच्या. त्या लहान असतानाच आईवडील एकापाठोपाठ गेले. भाऊ नव्हता. मावशीने वाढवलं आणि लवकर लग्न लावून दिलं. मावशी गेली तसं तेही दार बंद झालं. दिवाळीच्या सुट्टीत आळीतल्या सुना पोरंबाळं घेऊन माहेरी निघाल्या की सासूबाई ओट्यावर बसून एकेकीला टोमणे मारायच्या. पिशवी केवढी ती, परत येणार की तिकडंच राहणार. एसटी गेली की आत येऊन धुतलेलीच भांडी पुन्हा पुसत बसायच्या. मीही त्या जाणाऱ्यांतलीच एक. परत आले की त्या खोदून खोदून विचारायच्या, आईने काय रांधलं, भाऊ न्यायला आला होता का, वहिनीचं तोंड सरळ होतं का. सांगताना मला फार वाईट वाटायचं, पण मी सगळं सांगायचे.

मग आमच्या दीप्तीच्या शाळेत वंशवृक्ष काढून आणायला सांगितला. दीप्ती आमची मुलगी, आठवीत आहे. एरवी तिच्या अभ्यासाकडे ढुंकून न बघणाऱ्या सतीशला त्या दिवशी भलताच उत्साह आला. त्याने मोठा जाड कागद आणला, रंगीत पेनं आणली, आणि अख्खा रविवार घालवून झाड काढलं. बुंध्याशी पणजोबा काळू, मग आजोबा, मग वडील, शेंड्याला स्वतः. सासूबाईंनी चष्मा लावून ते झाड खालून वरपर्यंत पाहिलं.

"यात बाया कुठं हायत रे?" त्यांनी मुलाला विचारलं. "तुमी काय फांदीला लागलाव?"

शाळेत असंच सांगितलंय, असं काहीतरी तो पुटपुटला. सासूबाईंनी दीप्तीला जवळ ओढलं आणि आपलं झाड सांगायला सुरुवात केली. मी, माझी आई, तिची आई, तिची आई, आणि तिची आई बाईजा. या बाईजाबद्दल आम्ही कुणीच कधी ऐकलं नव्हतं. दुष्काळात नवरा मेल्यावर पोरगी कडेवर घेऊन ती कुठल्याशा डोंगरात गेली म्हणे, जिथे तेव्हा माणसांची वस्ती नव्हती. रान तोडलं, दगडांचे बांध घातले आणि तिथलं पहिलं भात एकटीने लावलं. एवढंच त्यांच्या आईने सांगितलं होतं. डोंगर कुठला, ते सांगायच्या आतच आई गेली.

दीप्तीला हे फारच आवडलं. सतीशही हट्टाला पेटला, नातेवाइकांना फोन लावले, काही रविवार किन्हवलीच्या बाजूला जाऊन म्हाताऱ्या माणसांकडे चौकशी केली. पण बापाकडचं कूळ शोधणं वेगळं. गाव तेच, आडनाव तेच, नाव विचारलं की कुणीतरी हो म्हणतं. आईकडून वर जायचं तर दर पिढीला गाव बदलतं, आडनाव बदलतं, आणि लग्नात मुलीचं नावही बदलून टाकतात. चार पिढ्यांत बाईचा माग पार पुसला जातो. सतीश दमला आणि कामाचं निमित्त सांगून मोकळा झाला.

मला वाटलं प्रकरण मिटलं. पण एका दुपारी तांदूळ निवडताना सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, "मरायच्या आत एकदा तो डोंगर बघायचा हाय गो संध्या. आईकडचं कुणी उरलं नाय, डोंगर तरी जागेवर असंल." त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. भांडून घेतलं होतं, मागितलं नव्हतं. मी बघू म्हणाले, आणि कसं बघायचं ते मला अजिबात माहीत नव्हतं.

आता भाऱ्याचं सांगायला हवं. भातसा नदीच्या अंगाला आमचं थोडं भातशेत आहे. कापणीला मजूर लावतो, तरी सासूबाई गुडघे चोळत बांधावर हजर असतात. पहिला भारा त्या स्वतः बांधतात आणि बाकीच्या भाऱ्यांपासून लांब, एकटाच बांधावर आडवा ठेवतात. त्याच्या लोंब्या पूर्वेच्या डोंगराकडे आणि बुडखे गावाकडे. दिवस मावळेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. आळीत यावरून त्यांची चेष्टा व्हायची, म्हातारीचा भारा उन्हं खातोय म्हणून. सतीशला तर हे मुळीच पटायचं नाही. छप्पन सालानंतर आजोबांनी घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले, हे तूच अभिमानाने सांगतेस, मग हे काय मागे ठेवलंस, असं तो विचारायचा.

"ह्यो देव नाय," त्या म्हणायच्या. "आई करायची, तिची आई करायची. म्हून मी करते."

मी यात कधी पडले नाही. प्रत्येक घरात अशी एखादी गोष्ट असते जी सगळे करतात आणि का ते कुणालाच सांगता येत नाही.

मी स्वतः आरोग्यसेविका. माझं उपकेंद्र मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाकडच्या डोंगरांच्या पायथ्याला. त्या भागात एका डोंगराच्या कुशीत सपाटीवर एक छोटं गाव आहे; त्याला नाव आहे, पण सगळे नुसतं माची म्हणतात. जीप कच्च्या रस्त्याने अर्ध्यापर्यंत जाते, पुढे पायी चढायचं. भात, नाचणी, वरी करणारी डोंगरी माणसं. तरुण पोरं खाली मुरबाडला किंवा आणखी लांब नोकरी शोधत जातात. मी महिन्यातून एकदा लसीची पेटी खांद्याला लावून तिथे जायचे. माझी तिथली बदली नवी होती, आणि त्या गावात कापणीच्या दिवसांत जायची ती माझी पहिलीच वेळ.

योगिनी नावाच्या एका सुनेचं तान्हं बाळ लसीला राहिलं होतं. घरी कुणी नव्हतं, सगळे शेतावर, म्हणून मी शेतावरच गेले. बाळाला टोचलं, ते रडलं, योगिनीने त्याला पदराखाली घेतलं. तेवढ्यात माझं लक्ष बांधाकडे गेलं. बाकीचे भारे खाचराच्या मधोमध ढिगाने पडले होते. एकच भारा लांब, बांधाच्या टोकाला आडवा ठेवला होता. त्याच्या लोंब्या दरीकडे होत्या. खाली, जिथे मुरबाड आणि त्याच्याही पलीकडे शहापूरकडचा सपाट मुलूख धुरकट दिसतो, तिकडे.

मी योगिनीला विचारलं हे असं का. ती म्हणाली, "आमच्यात असंच ठेवतात, बाबांना ठाव." बाबा म्हणजे तिचे आजेसासरे वाळू, जुनी माणसं ज्याला पोक्त म्हणतात तसे. ते कापतच होते. मान वर न करता त्यांनी सांगितलं, "ह्यो बाईजाचा खाचर. तिची लेक खाली गेली, तिच्याकडं तोंड हाय भाऱ्याचं."

मी पेटी खाली ठेवली. मी म्हटलं, माझ्या सासूबाई असाच भारा ठेवतात, लोंब्या डोंगराकडे करून. त्यांच्या पणजीच्या आईचं नाव बाईजा होतं.

वाळूबाबांचा विळा थांबला. त्यांनी गाव विचारलं. मी सापगाव म्हणून सांगितलं. मग त्यांनी आडनाव विचारलं. आडनाव कशासाठी विचारतात ते मला लहानपणापासून कळतं. मी सरळ सांगितलं, आणि ते ऐकून त्यांनी पुन्हा कापायला सुरुवात केली. मी पेटी उचलली आणि उतरायला लागले. संतापाने माझे डोळे भरून आले होते, आणि पायाखालची वाट नीट दिसत नव्हती.

घरी मी काही सांगितलं नाही. त्या म्हातारीला माहेर दाखवून परत काढून घेणं माझ्याच्याने झालं नसतं.

पुढच्या महिन्यात जीप जिथे थांबते तिथे वाळूबाबा दगडावर बसले होते. जीप चालवणारा भाविक हा त्यांचा नातू, योगिनीचा नवरा. त्याला त्यांनी मुद्दाम लांब पाठवलं, टायर बघ म्हणून. मग मला म्हणाले, बसा. मी उभीच राहिले. ते जे बोलले ते आधी त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांच्या आईने मरताना त्यांना सांगितलं होतं, तेवढंच.

बाईजा माचीवर आली तेव्हा तिच्याबरोबर दोन पोरं होती. एक तिची लेक. दुसरा एक मुलगा, ज्याचे आईबाप वाटेतच भुकेने मेले होते. तो दुसऱ्या जातीचा होता आणि त्याला तिने उचलून बरोबर घेतलं. माचीवर पहिली दोन वर्षं कंदमुळं आणि नाचणी. मग तिने दगड रचून बांध घातला आणि भात केलं. कातळाखाली ओल दिसली तिथे उकरून झरा मोकळा केला. तिचा धूर बघून खालून आणखी माणसं आली, त्या मुलाच्या जातीची, आणि तिने त्यांना बियाणं दिलं, विस्तव दिला. गाव झालं. लेक मोठी झाली तशी तिला आपल्या माणसांत, खाली दिली. निरोप देताना बाईजाने लेकीला सांगितलं की पहिला भारा बांधशील तेव्हा लोंब्या माझ्याकडे कर, मी तुझ्याकडे करीन, मग समजायचं की दोघी आहोत. मुलगा माचीवरच राहिला, त्याचं लग्न त्याच्या जातीत झालं. तो वाळूबाबांचा पणजोबा.

एवढं सांगून ते थांबले. मी आता दगडावर बसले होते.

"बाईजा मेली तवा लेक आली," ते म्हणाले. "झऱ्यावर गेली पानी भरायला. बाया म्हनल्या, तू ओंजळ धर, आमी वरनं घालतो. तिच्या आईनं उकरलेला झरा. आमचा पणजा तिथं उभा व्हता. बोलला नाय. ती पानी न पिता गेली, परत नाय आली. मागनं सगळ्यांनी बाईजा आपल्याच जातीची म्हून सांगायला घेतलं."

पणजोबाने बोलायला हवं होतं, तसं त्याच्यानंतरच्या कुणीतरी बोलायला हवं होतं, असं माझ्या तोंडावर आलं होतं. म्हातारा एवढं उतरून आला होता म्हणून मी ते गिळलं. एवढंच विचारलं की आता तुमच्या मनात काय आहे. ते म्हणाले, तुमच्या सासूबाईंना एकदा घेऊन या, घरात बोलावतो, योगिनी ओटी भरेल. बाकी कुणाला काही सांगायला नको.

त्या संध्याकाळी मी सासूबाईंना सगळं सांगितलं. चहा निवला, त्यावर साय आली, तरी त्यांनी कप उचलला नाही. मग त्यांनी एकच विचारलं, झरा आहे का अजून. मी म्हटलं, आहे, अख्खं गाव त्यावरच जगतंय. त्या रडल्या. पदर तोंडाला लावून, आवाज न करता, लहान पोरीसारख्या रडल्या, आणि मलाही रडवलं.

सतीश कामावरून आला आणि ऐकून पेटलाच. ज्यांनी आईच्या पणजीला पाणी दिलं नाही त्यांच्याकडे आता चोरून ओटी घ्यायला जायचं? आपण हे सगळं टाकून आलो ते कशासाठी? त्याचं खोटं नव्हतं. मी दोघांच्या मध्ये उभी होते. सासूबाईंनीच निकाल दिला.

"मी चोरून नाय जानार," त्या म्हणाल्या. "बाईजा कोन व्हती, मी कोन हाय, ते त्या वाळूनं चारचौघांत सांगायचं. मंग मी जाईन. न्हायतर डोंगर लांबूनच बरा हाय."

हा निरोप मी वर नेला. वाळूबाबा बघतो म्हणाले. पुढच्या महिन्यातही बघतो म्हणाले. माचीवर त्यांच्याएवढ्या वयाचं कुणी नव्हतं, तरी म्हणायचे की मोठ्या माणसांना कसं सांगू. मी म्हटलं, तुमच्याहून मोठं कोण उरलंय तिथे? त्यावर ते नुसते हसले. मला त्यांचा रागही यायचा आणि कीवही. योगिनी चहा घेऊन यायची. काही महिने मी तो घेतला नाही. पोरीचा काय दोष, असं वाटून पुढे घ्यायला लागले.

घरी सासूबाई आव असा आणायच्या की आपल्याला या सगळ्याचं काही पडलेलं नाही. पण मी माचीवरून आले की पायातली चप्पल काढायच्या आत विचारायच्या, "काय म्हनतो तुझा वाळू?" तुझा वाळू! जसा काही मीच त्याला पाळला होता. बघतो म्हणतो, असं सांगितलं की म्हणायच्या, बघू दे, डोळे हायत तवर. आणि मग रात्रीचं जेवण कमी जायचं.

पावसाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. शहापूरला दवाखान्यात ठेवावं लागलं. हाताला सलाईन, छातीत घरघर, आणि मी नर्स असून मला त्यांचा चार्ट बघवेना. या अशाच गेल्या तर, हा एकच विचार. डोंगर कुठे आहे ते कळलं, कुणाचा ते कळलं, आणि तरी त्या दारातूनच परत जाणार, त्यांच्या पणजीसारख्या. एका सकाळी ताप उतरल्यावर त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "त्या वाळूला सांग, मी काय कायमची नाय."

मी सांगितलं. शब्दांत काही बदल केला नाही. वाळूबाबांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि विचारलं, "लय आजारी हायत?" मी म्हटलं, होत्या, आता बऱ्या आहेत, पण गेल्या वर्षी होत्या तेवढ्या नाहीत. त्या दिवशी ते बघतो म्हणाले नाहीत.

कापणीच्या सुरुवातीला योगिनीचा फोन आला. रविवारी या, बाबांनी सगळ्यांना खाचरावर बोलावलंय. सतीश येणार नाही म्हणाला होता, आणि रविवारी सकाळी सगळ्यांच्या आधी कपडे घालून दारात उभा होता. सासूबाईंनी निळी साडी नेसली, जयंतीला नेसतात ती. भाविक जीप घेऊन आला होता. वाटेत त्या त्याच्याशी भांडल्या, खड्डे चुकवत का नाही म्हणून, आणि मला हायसं वाटलं. जीप थांबली तिथून पुढे सतीश आणि भाविक यांनी खुर्चीत बसवून त्यांना वर नेलं. एकमेकांना न ओळखणारे ते दोघे, खुर्चीचे पाय धरून, दम खात चढत होते, आणि म्हातारी वरून सूचना देत होती.

खाचरावर बरीच माणसं जमली होती. पहिला भारा बांधून बांधाच्या टोकाला ठेवलेला होता. सासूबाई खुर्चीवरून उतरल्या, माझा खांदा धरून त्याच्यापर्यंत चालत गेल्या, आणि बांधाच्या दगडांवरून हात फिरवला. कोण आहेत ही माणसं, हे चेहऱ्याचेहऱ्यावर लिहिलेलं होतं. वाळूबाबा पुढे आले. बोलायला उभं राहायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी सुरुवात केली, अडखळले, पुन्हा केली.

"बाईजा आपली व्हती म्हून आपन सांगतो," ते म्हणाले. "ती महार व्हती. आपला मूळपुरुस तिनं रस्त्यावरनं उचलला, तिच्या हातचं खाऊन जगला. तिच्या लेकीला आपन झऱ्यावर पानी भरू दिलं नाय. ह्या तिच्या लेकीकडच्या. हे आज सांगतोय, ते लय आधी सांगायला पायजे व्हतं."

वाळूबाबांचा चुलतभाऊ गोमा उठला, विळा कमरेला अडकवला आणि निघून गेला. त्याच्यामागून आणखी काही जण गेले. उरलेल्यांत बाया जास्त होत्या. योगिनी सूप घेऊन पुढे आली; त्यात नारळ होता, हळदकुंकू होतं, नवं भात होतं. सतीशचं अंग ताठ झालेलं मला शेजारी उभं राहून कळलं. सासूबाईंनी सुपातला नारळ बाजूला केला, हळदकुंकू बाजूला केलं आणि पदर पसरला. "भात दे गो," त्या म्हणाल्या. योगिनीने ओंजळ भरून भात घातलं. मग दुसरी एक बाई आली, मग तिसरी. पदर जड झाला तसा सतीशने पुढे होऊन त्याचं एक टोक धरलं.

मग आम्ही झऱ्याकडे गेलो. कातळाखाली दगडी कुंडात पाणी साठलेलं, काठाला शेवाळ. वाळूबाबांच्या हातात तांब्या होता. त्यांनी तो सासूबाईंपुढे धरला. नात्याने त्या वाळूबाबांच्या बहीण लागत होत्या, आणि त्यांनी तशीच हाक मारली.

"बाय, तू भर," ते म्हणाले. "आमाला दे."

मी सासूबाईंना काखेत धरून खाली वाकवलं. गुडघे कुरकुरले, श्वास लागला, पण तांब्याला त्यांनी मला हात लावू दिला नाही. स्वतः तांब्या बुडवला, भरला, आणि सरळ झाल्या. समोर वाळूबाबांनी दोन्ही हातांची ओंजळ करून पुढे धरली होती. त्यांच्यामागे आणखी काही माणसं तशीच उभी राहिली.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. "आधी मी पिते. तुमी रोज पिता."

त्यांनी तांब्या तोंडाला लावला. सावकाश प्यायल्या, मध्ये दम घेतला, पुन्हा प्यायल्या. थोडं पाणी हनुवटीवरून साडीवर सांडलं. मग त्यांनी वाळूबाबांकडे पाहिलं. ते अजून ओंजळ धरूनच उभे होते.

"ओंजळ काय धरतोस रे," त्या म्हणाल्या. "तांब्या घे हातात."

वाळूबाबांनी उष्टा तांब्या घेतला आणि तोंडाला लावला.